उलट्या विमानाचा तोल

माझ्या ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भाऊजींनी, माझं पहिलं विमान पोत्यात भरून परत आणलं तेव्हा ओसरीत पाहुणे बसले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. भाऊजींनी सगळ्यांच्या समोर पोतं उलटं केलं. थर्माकोलचे तुकडे, मोडकी फिरकी, रिमोट आणि चिखलानं बरबटलेलं इंजिन जमिनीवर पडलं.

"घे तुझं विमान," ते हसत म्हणाले. "भाजीवाल्याचं विमान, वांग्यावानी पडलं!"

पाहुणे हसले. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण माझे बाबाही हसले. तामसी गावच्या आमच्या मळ्यात वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून पहाटेच्या बसनं आदिलाबादच्या बाजारात नेणारा माणूस स्वतःच्या धंद्यावरच्या थट्टेला हसला, कारण थट्टा करणारा जावई होता. मी खाली बसून तुकडे गोळा करू लागलो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नव्हती.

ते विमान आम्ही दोघांनी केलं होतं, ताईनं आणि मी. मी हैदराबादला डिप्लोमा करत होतो. तिथं रविवारी काही हौशी लोक मोकळ्या मैदानावर रिमोटची विमानं उडवायचे. त्यांच्यात मी घुसलो, सामान उचलू लागलो, शिकलो. त्यातल्या एकानं परदेशी जाताना आपला जुना रिमोट आणि एक छोटं इंजिन मला देऊन टाकलं. सुटीत ते घेऊन मी गावी आलो. आदिलाबादच्या टीव्हीच्या दुकानातून खोक्यातलं थर्माकोल मागून आणलं. हिटरची जुनी कॉइल सरळ करून ती बांबूच्या धनुकलीवर ताणली, तिला बॅटरी जोडली, की तार तापायची आणि थर्माकोल लोण्यासारखं कापलं जायचं. पण धनुकलीला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकं एका चालीनं ओढावी लागतात. दुसरं टोक ताईच्या हातात असायचं. तिचा हात माझ्याहून स्थिर होता. पंख तिचेच होते, असं म्हटलं तरी चालेल.

मग तिचं लग्न झालं, भीमपूरला. सासरी कापसाचा व्यापार, खताबियाण्याचं दुकान. भाऊजी दिसायला देखणे, बोलायला मोठे. दुसऱ्याची चांगली वस्तू दिसली की ती उचलून पाहायची आणि मग ठेवायची नाही, ही त्यांची खोड. घड्याळ, चादर, आमच्या गोठ्यातली नवी दोरी, काहीही. दसऱ्याला आले तेव्हा विमान त्यांच्या नजरेत भरलं.

"घेऊन जातो. लोकायले दाखवतो."

"भाऊजी, ते उडवाले शिका लागते," मी म्हणालो.

"मले काय शिकवतं रे तू?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "देऊन टाक. जावई हायेत. जावयाले नाई म्हनत नसतात."

पुढचं मला भीमपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. भाऊजींनी विमान चौकात ठेवलं, 'मी स्वतः बनवलं' असं सांगितलं, लोकांनी वाहवा केली, आणि मग त्यांनी ते उडवून थेट लिंबाच्या झाडात घातलं. ताईनं त्यांना घरी विचारलं होतं, "तुमी बनवलं काऊन म्हनलं?" त्यावर त्यांनी तिला चार बायकांसमोर सांगितलं, की बाईच्या जातीनं विमानाच्या गोष्टीत तोंड घालू नये.

हे ऐकलं ते मी विसरलो नाही. मी आरडाओरडा करणारा नाही. जावयाला उलट बोलायची आमच्या घरात सोयही नव्हती. त्यांना पाहिलं की मी वाकून नमस्कार करायचो, पाण्याचा तांब्या पुढे करायचो आणि मनात म्हणायचो, थांबा.

काय करायचं ते ठरायला वेळ लागला नाही. भाऊजींना माझी वस्तू हवीच असते ना? मग अशी वस्तू करायची, की जी पाहिल्यावर त्यांना राहवणार नाही, आणि जी नुसती पाहून कुणाला जमणार नाही.

हैदराबादच्या त्या मैदानावर मी एकदा एक विचित्र विमान पाहिलं होतं. नेहमीच्या विमानाला मोठा पंख पुढे आणि लहान पंख शेपटीला असतो. त्याचं सगळं उलट होतं. लहान पंख नाकाशी, मोठा पंख मागे, आणि इंजिन पार शेपटीला, ढकलणारं. हवेत ते बदकासारखं मान पुढे काढून जायचं. ज्यांचं होतं त्या काकांनी मला एवढंच सांगितलं होतं, "या विमानात पुढचा पंख आधी दमला पाहिजे. मागचा आधी दमला तर देवही वाचवणार नाही." ते मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

डिप्लोमा संपवून गावी आलो आणि उन्हाळ्यात कामाला लागलो. मोडलेल्या विमानाचं इंजिन केरोसीननं धुऊन, उघडून साफ केलं, ते चालू झालं. ताई नव्हती, म्हणून धनुकलीचं दुसरं टोक मी खुंटीला दोरीनं बांधलं आणि कसेबसे पंख कापले. त्यांच्यावर खाकी कागद पातळ गोंदानं चिकटवला. विमान दिसायला देखणं झालं. खरं सांगायचं तर भाऊजींच्या डोळ्यांसाठीच मी त्याला लाल-पांढरे पट्टे दिले.

आणि ते उडेना. इंजिन न लावता, त्याच्या वजनाचा दगड शेपटीला बांधून, मी ते ज्वारी कापलेल्या वावरात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हातानं फेकून पाहायचो. इतर विमानांसारखा तोल मोठ्या पंखाच्या मध्यावर ठेवला होता. हातातून सुटलं की नाक वर करायचं, नागानं फणा काढावा तसं उभं राहायचं आणि मागच्या मागे घसरून शेपटीवर आपटायचं. प्रत्येक वेळी तेच. मळ्यात काम करणाऱ्या बायका म्हणायच्या, "तुझं इमान बसून राह्यलं रे!"

मग काकांचं वाक्य हळूहळू उलगडलं. उलट्या विमानात दोन्ही पंख वजन उचलतात, म्हणून तोलाची जागा दोघांच्या मधे, मोठ्या पंखाच्याही पुढे हवी. पैनगंगेवर मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या मागून आणल्या. बॅटरी नाकात सरकवली. नाकात शिसं घालायचं, दोन बोटांवर विमान तोलायचं, फेकायचं, पुन्हा शिसं घालायचं. पुढच्या पंखाची धार थोडी वर उचलली, म्हणजे तो आधी दमेल, वजन उचलणं सोडेल, नाक आपसूक खाली येईल आणि विमान सावरेल. एका संध्याकाळी ते हातातून सुटलं आणि नाक न उचलता, न खुपसता, धसकटांवरून सरळ तरंगत गेलं. वावराच्या त्या टोकाला जाऊन अलगद बसलं. मी धावत गेलो नाही. तिथंच धुऱ्यावर बसलो. आनंद झाला होता, पण त्याहून मोठी गोष्ट मला दिसली होती. तोल चुकला की हे विमान नक्की काय करतं, हे आता मला पाठ होतं.

त्याच सुमारास ताई माहेरी आली होती. मी तिला सगळं दाखवलं. तिनं विमान दोन बोटांवर तोलून पाहिलं आणि म्हणाली, "पंखाच्या एवढ्या समोर?" मी म्हणालो, "हो. मधात ठेवलं तर उभं राह्यते अन् पडते." तिनं मान हलवली. तोलाच्या जागी मी पोटाखाली निळ्या शाईनं दोन टिंबं केली होती. ती सासरी गेल्यावर मी त्यांच्यावर लाल कागद चिकटवला.

भाऊजी पोळ्याला आले. मी त्यांच्यासमोर विमान उडवलं. मळ्यावरून ते गुरगुरत गेलं, इंधनात मिसळलेल्या एरंडीच्या तेलाचा जळका वास मागे ठेवत, वळलं, परत आलं. भाऊजी तोंड उघडं ठेवून पाहत होते. या वेळी त्यांनी ते मागितलं नाही. मला कळलं, की आता त्यांना स्वतःचं करायचं होतं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा ते 'हात धुऊन येतो' म्हणून उठले. खिडकीतून मला दिसलं, ते शिंप्याच्या टेपनं माझं विमान मोजत होते. पंख, लांबी, जाडी, सगळं. मी आणखी एक भाकर मागून घेतली. त्यांना वेळ मिळावा म्हणून.

निघताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काऊन रे, हे बोटावर कुठं तोलते?"

"पंखाच्या मधात, भाऊजी. साऱ्याच इमानाचं तिथंच असते."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. इतक्या गोडीनं मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो.

त्यांनी हैदराबादहून नवा कोरा रिमोट आणि माझ्यापेक्षा मोठं इंजिन आणवलं. सुताराला हाताशी धरून विमान बनवलं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या ग्राउंडवर, झेंडावंदन झाल्यावर ते उडवायचं ठरलं. मंडल ऑफिसचे, म्हणजे तालुका कचेरीसारख्या ऑफिसचे साहेब येणार, शामियाना, खुर्च्या. आम्हाला निरोप आला, सगळ्यांनी या, आणि तुझंही विमान आण, लोकायले फरक दिसला पायजे.

मी माझं विमान धोतरात गुंडाळून, आदिलाबादला बस बदलून, मांडीवर धरून भीमपूरला नेलं. भाऊजींचं विमान टेबलावर ठेवलं होतं. सुरेख दिसत होतं. माझ्याच पट्ट्यांसारखे पट्टे, फक्त हिरवे. मी जवळ जाऊन पाहिलं. नाकात काही नव्हतं. पंखाच्या मध्यावर पेन्सिलची खूण होती. मी म्हणालो, "झ्याक झालं, भाऊजी." मग लोकांना बाजूला सरकवलं, समोरचा अर्धा ग्राउंड मोकळा करून घेतला. मला कुणाचं डोकं फुटायला नको होतं. मला फक्त त्यांचं नाक हवं होतं.

साहेब तेलुगू होते. त्यांनी विचारलं, हे कुणी बनवलं? भाऊजी छाती काढून म्हणाले, "नेने, सार." मीच, साहेब. "डिझाइन बी माझंच."

त्यांच्या दुकानातल्या माणसानं विमान दोन्ही हातांनी वर फेकलं. इंजिन जोरात ओरडलं. विमानानं नाक उचललं, आणखी उचललं, आकाशाकडे तोंड करून क्षणभर तसंच लटकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही कसरत आहे. भाऊजी रिमोटची दांडी जीव खाऊन पुढे दाबत होते. मी विमानाकडे पाहत नव्हतो, त्याचं पुढे काय होणार ते मला माहीत होतं. मी भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यावरचा रंग उतरताना मी सगळा पाहिला.

विमान मागच्या मागे घसरलं आणि शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या शेणाच्या उकिरड्यात शेपटीवर रुतलं. पंख तुटून दोन्हीकडे पडले. शाळेची पोरं ओरडत धावली. आधी एक माणूस हसला, मग रांगच्या रांग हसली, साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

"हवा जास्त हाय," भाऊजी म्हणाले.

मी विमानाभोवती गुंडाळलेलं धोतर सोडलं. माझं विमान काढलं, इंजिन चालू केलं आणि त्याच हवेत सोडलं. शाळेवरून, झेंड्यावरून, कापसाच्या वावरांवरून दोन मोठे फेरे घेऊन ते शामियान्यासमोर उतरलं. साहेब उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भाऊजींना म्हणाले, "इसने बनाया ना आपका डिझाइन?" सगळा गाव ऐकत होता. भाऊजींना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. बाबा मागे उभे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी माझ्या हातातलं विमान स्वतःच्या हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

जेवायला भाऊजी आले नाहीत, डोकं दुखतं म्हणून खोलीत पडून राहिले. ताईनं मला स्वयंपाकघरातच वाढलं. मी भाकर मोडायला घेतली. तिनं वांग्याची भाजी वाढली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्यायनं मले बी इचारलं होतं. तोल कुठं ठेवतो तुझा भाऊ म्हनून."

मी ताटातून वर पाहिलं. "मंग?"

"मंग काय? मी म्हनलं, मले काय समजते. बाईची जात."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती तोंडात पदर कोंबून इतकी हसली, की चुलीसमोर खाली बसली. मीही हसलो. आतल्या खोलीत भाऊजींनी कूस बदलल्याचा खाटेचा आवाज आला आणि आम्ही आणखी हसलो.

लोक सांगतात, सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. मला वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली.

उन्हाळ्यात ताई माहेरपणाला आली. ट्रंक उघडली, लुगड्यांच्या तळाशी हात घातला आणि ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली एक जड वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली. भाऊजींचं इंजिन होतं, माझ्यापेक्षा मोठं, शेण धुऊन लख्ख केलेलं.

"त्यायले सांगतलं?"

"नाई," ती म्हणाली. "कोठीत पडून होतं. आता आपन मोठं बनवू. पंख मी कापीन."

पुढच्या दिवाळीला भाऊजी आमच्या मळ्यावर आले. मी वाकून नमस्कार केला, तांब्या पुढे केला. त्यांच्या डोक्यावरून आमचं नवं विमान गुरगुरत गेलं. रिमोट ताईच्या हातात होता. भाऊजी मान वर करून आवाज ऐकत राहिले, मग म्हणाले, "इंजिन वळखीचं वाटून राह्यलं."

"कोनतं इंजिन, भाऊजी?" मी म्हणालो.