कालिंदीच्या पाटीची दुरुस्ती

चिंतामण वैरागडे बालाघाटच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायचे आणि घरी येऊन काँप्युटरशी भांडायचे. दोन्हीकडे त्यांचं ऐकणारं फारसं कोणी नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे कुरकुरायला लागलेले, मुलगी वैदेही लग्न होऊन रायपूरला गेलेली. या वयात माणूस संध्याकाळी देवळात जाऊन बसतो, नाहीतर पत्ते पिसतो. वैरागडे सर चप्पल काढतात न काढतात तोच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवायला बसत. घरच्या काँप्युटरवर आधी विंडोज होतं, पण व्हायरसांनी ते इतक्यांदा झोपवलं, की एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी सरांनी वैतागून घातली, आणि तीच पुढे अंगवळणी पडली.

हा सगळा खटाटोप होता कालिंदीबाईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. सर स्वतः हे कधी तोंडानं म्हणाले नसते. नवरे लोक असली गोष्ट कबूल करण्यापेक्षा छंद आहे म्हणून सांगतात.

कालिंदीबाई लग्नपत्रिकांची चित्रं काढत. कलश, केळीचे खांब, मोर, वेलबुट्टी. आणि त्यांचा गणपती. मुकुटापासून सुरू झालेली रेघ कानावरून, सोंडेवरून, पोटावरून फिरत थेट उंदराच्या शेपटीपर्यंत यायची, मधे कुठेही न उचलता. ती काढताना त्या श्वास धरून ठेवायच्या. बालाघाट, वारासिवनी, लालबर्रा, आसपास सगळीकडे या गणपतीला मागणी होती. घरचं पहिलंच लग्न असेल तर लोक छापखान्यात बजावून सांगायचे, की वैरागडेबाईंचा गणपती पाहिजे, तुटक रेघेचा नको.

वीस वर्षं हे काम टाकानं आणि काळ्या शाईनं चाललं. मग एक दिवस वारासिवनीचे छापखानेवाले हिरालालजी म्हणाले, "भाभी, अब सब कंप्यूटर में चाहिए। कागज कौन देखता है।" तेव्हा सरांनी नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून एक स्वस्तातली चिनी पेन-टॅब्लेट आणली. काळी, चपटी, वर प्लॅस्टिकचा पेन; तिच्यावर पेन ओढला, की रेघ काँप्युटरच्या पडद्यावर उमटायची. कालिंदीबाईंनी तिला पहिल्या दिवसापासून पाटी म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

पाटी मोठी खोटारडी निघाली. यूएसबीचं कुठलंही यंत्र काँप्युटरला जोडलं, की ते आपण कोण हे आधी सांगतं. या पाटीनं सांगितलं, मी माउस आहे. आपली रुंदीही तिनं निम्मीच सांगितली. त्यामुळे उजव्या बाजूला पेन नेला, की बाण कडेला जाऊन थबकायचा आणि गणपतीला सोंडच यायची नाही. सरांनी दोन महिने डोकं फोडलं. शेवटी त्यांनी सिस्टीमच्या आत चार-पाच ओळी घातल्या. त्यांचा अर्थ एवढाच, की या नंबरची पाटी आली तर तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, तिची रुंदी मी सांगतो ती धरा. लिनक्स हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, म्हणून त्या ओळी त्यांनी इंटरनेटवरून लिनक्सवाल्यांकडे पाठवल्या. तिकडे हा विभाग सांभाळणाऱ्या माणसानं तीनदा चुका काढून परत पाठवल्या आणि चौथ्यांदा घेतल्या. खाली नाव होतं, चिंतामण वैरागडे. जगात ज्याच्याकडे तसली पाटी असेल, त्याच्या काँप्युटरमध्ये आता बालाघाटच्या मास्तरचं नाव जाणार होतं. स्टाफरूममध्ये सरांनी हे सांगितलं, तेव्हा भूगोलाचे भोजराज म्हणाले, "म्हंजे तुमची बदली तर नाही ना तिकडं?" सगळे हसले. सरही हसले, पण त्या दिवशी घरी येताना त्यांनी बालूशाही आणली.

पहिला हिवाळा झकास गेला. मग पुढच्या दिवाळीत, पत्रिकांचं काम नुकतंच सुरू होत असताना, कालिंदीबाई म्हणाल्या, "आजकाल रेघ हालून राह्यली."

सरांनी वाकून पाहिलं. सोंडेची कड दातेरी दिसत होती. "पाटीच खराब हाय," ते लगेच म्हणाले. "पाहतो मी."

कालिंदीबाईंनी पेन खाली ठेवला.

तिथून सरांच्या नाकी नऊ आले. आधी त्यांना वाटलं, व्होल्टेज. बालाघाटच्या विजेवर कसलाही आळ घेतला तरी लोक मान हलवतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि नवं अर्थिंग करून घेतलं. रेघ हललीच. मग वायर बदलली. मग नागपूरला जाऊन तसलीच दुसरी पाटी आणली. तिचीही रेघ हलली. "लॉटच खराब आला असन," सर म्हणाले आणि पुन्हा काळ्या पडद्यासमोर बसले.

आता त्यांनी वेगळी युक्ती केली. पेन जागच्या जागी थोडासा हलला, तर तिकडे दुर्लक्ष करायचं, असा एक आकडा त्यांनी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाटी चालवणाऱ्या त्या ओळींमध्ये, घातला. रेघ सुधारली. कालिंदीबाईंनी दोन पत्रिका केल्या. पौषात रेघ पुन्हा हलायला लागली, त्यांनी आकडा वाढवला. होळीच्या सुमारास आणखी वाढवला. आता रेघ गुळगुळीत यायची, पण पेनाच्या मागे रेंगाळायची. पूर्वी एका श्वासात होणारा गणपती अर्धी सकाळ खायचा. कालिंदीबाई मुकाट्यानं काढत, आणि झालं की पेन ठेवून तळवे मांडीवर दाबून बसत. सर शाळेतून थकून येत, हे पाहत आणि आणखी थकत. कधीकधी त्यांना वाटे, त्या काळ्या पाटीला उचलून अंगणातल्या खड्ड्यात घालावं.

एवढं करून त्यांनी स्वतः एकदाही रेघ ओढून पाहिली नव्हती. कारण साधं होतं. फळ्यावर त्यांचं वर्तुळ बटाट्यासारखं यायचं. त्यामुळे चाचणी बायकोनं रेघ ओढून करायची आणि आकडे आपण वाचायचे, अशी वाटणी ठरली होती. ती दोघांनाही इतकी योग्य वाटत होती, की तिच्यात चूक असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

चैत्रात सरांनी दुरुस्तीच्या या नव्या ओळी तिकडे पाठवल्या. पाटीत दोष आहे, हा त्यावर उपाय, असं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, तेही अदबीचं. माझ्याकडेही हीच पाटी आहे, विभाग सांभाळणारा तो माणूस म्हणत होता. मी दिवसभर वापरून पाहिली, रेघ हलत नाही. तुमचा उपाय बंद करून, पाटीकडून येतात तसे पेनाच्या जागेचे कच्चे आकडे पाठवाल का?

सरांना राग आला. दोन-दोन पाट्या हलतात आणि हा म्हणतो हलत नाही! रविवारी सकाळी त्यांनी उपाय बंद केला आणि कालिंदीबाईंकडून एक आडवी रेघ ओढून घेतली. आकडे उतरले. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. हिरालालजी पत्रिका न्यायला आले होते. कालिंदीबाई चहा ठेवायला आत गेल्या.

हिरालालजी जाडजूड माणूस, बोटांना कायमची शाई. रिकाम्या खुर्चीत बसले आणि पेन उचलून म्हणाले, "मास्टरजी, एक लाइन हम भी खींचें?" सर हो म्हणायच्या आत त्यांनी ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पडद्यावर रेघ उमटली. ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

"अरे वा, मशीन तो बढ़िया है आपकी," हिरालालजी म्हणाले.

सर पाहत राहिले. वर कालिंदीबाईंची रेघ होती, खाली हिरालालजींची. त्यांनी आकडे पाहिले. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते आता सरळ वाचता आले. बिघडलेलं यंत्र वेडंवाकडं हलतं. वरच्या रेघेतली थरथर ठेक्यात होती, सारख्या अंतरानं पुढे-मागे. आणि दिवाळी, पौष, होळी असा ज्या आजाराला ते आकडा वाढवून औषध देत होते, तो पाटीचा नव्हताच.

कालिंदीबाई चहा घेऊन आल्या. स्टीलच्या पेल्यात, अर्धा. कपबशी या घरात कधीपासून बंद झाली, हे सरांना आठवेना.

हिरालालजी गेले. सर उठून स्वयंपाकघरात जायला हवे होते. ते गेले नाहीत. काँप्युटरपुढे बसले आणि तिकडच्या माणसाला उत्तर लिहायला लागले. माझा उपाय मागे घेतो, पाटीत दोष नाही, एवढं लिहून झालं. मग दोष कशात आहे, हे तो विचारणार. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या या माणसानं ते वाक्य मग इंग्रजीत लिहिलं, ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा परक्या माणसाला. हात माझ्या पत्नीचा हलतो. मला आज कळलं. लिहिलं आणि पाठवून दिलं. त्यानंतर मात्र त्यांना बसवेना.

कालिंदीबाई ओट्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. ताट त्यांनी मांडीत घट्ट धरलं होतं. सर समोर पाटावर बसले. 

"कालिंदी, पाटी चांगली हाय."

"हौ."

"दोन्ही चांगल्या हायेत."

"हौ," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"कधीपासून होऊन राह्यलं हे?"

"दसऱ्याच्या आधीपासून. सुईत दोरा नव्हता जात."

 एवढे महिने त्यांनी वायरी बदलल्या होत्या, अंगण खणलं होतं, नागपूर गाठलं होतं, आणि तिच्या हाताकडे एकदा पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

कालिंदीबाईंनी एक खडा वेचला. तो चिमटीतून निसटला, पुन्हा वेचला.

"तुम्ही दुरुस्त करून राह्यले होते ना," त्या म्हणाल्या. "दर वेळी रेघ थोडी सुधरे. मले वाटलं, तुमच्यानं होऊन जाईन."