बाबांची आंघोळ आणि सिंह

माझं प्लॅनिंग चुकत नाही. लंडनमध्ये क्रॉयडनच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांचे रखडलेले प्रोजेक्ट मार्गी लावणारी बाई मी. केनियाची सफारी म्हणजे काय मोठं?

बाबा तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनला, पिनरच्या घरी आले होते. सगळी नोकरी वनखात्यात कारकून म्हणून काढली, पण जंगल पाहिलं ते फायलींमध्ये. वाघ दिसायचा साहेबांना, नाहीतर साहेबांच्या पाहुण्यांना. बाबांनी त्यांच्या जीपची परवानगी टाइप करायची. टीव्हीवर सिंह दिसला की हा बहात्तर वर्षांचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसायचा. ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात मी बाबांची, नवऱ्याची आणि माझी तिकिटं काढली. बाबांना मोकळा सिंह दाखवायचाच, बस्स!

सगळं जमवलं. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शनं, मलेरियाच्या गोळ्या, कानटोपी, डबाभर चिवडा. एकच गोष्ट लिस्टमध्ये नव्हती. बाबा पारोसे घराबाहेर पडत नाहीत. पिनरला बर्फ पडला तरी आधी आंघोळ, मग देवाचं नाव, मगच बूट. जन्मापासून बघतेय, आणि नेमकं तेच विसरले.

पार्कातल्या कॅम्पला कुंपण नव्हतं. तंबूमागे तट्ट्यांचा खांद्याइतका उंच आडोसा आणि वर टांगलेली बादली, हीच बाथरूम. अंधारात कोणी तंबूबाहेर फिरायचं नाही, त्यामुळे गरम पाणी यायचं उजाडल्यावर. गार पाणी बाबांच्या दम्याला चालत नाही. आणि जीपा तर उजाडताच निघायच्या, कारण ऊन चढलं की सिंह झुडपात जाऊन झोपतात. पहिल्या दिवशी आम्ही बाबांसाठी थांबलो. हत्ती दिसले, जिराफ दिसले, सिंहाच्या जागी नुसतं चेपलेलं गवत. दुसऱ्या दिवशी तेच. बाकीचे नाश्त्याला एकमेकांना सिंहाचे फोटो दाखवत होते आणि बाबा मान वाकवून टोस्ट खात होते.

तिसरी सकाळ शेवटची. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, एक दिवस नाही केली आंघोळ तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुम्ही दोघं जाऊन या. मला नाही जमायचं गं."

"मग बसा इथेच!"

नवरा "अगं, असं काय करतेस" म्हणत राहिला. मी त्याला जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.

सिंह दिसले. एक सोडून तीन! पण माझा कॅमेरा काही वर होईना. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच माणसावर खेकसून मी त्याला मागे टाकून आले होते. लाज वाटली स्वतःची. दहा मिनिटांत जीप मागे फिरवायला लावली.

कॅम्पवर गडबड दिसली. चार-पाच माणसं आमच्या तंबूमागे वाकून जमीन बघत होती. जीप थांबते न थांबते तोच मी उडी टाकली. पण बाबा तंबूसमोर खुर्चीत बसले होते. कमरेला पंचा, अंगावर ब्लँकेट, कानामागे वाळलेला साबण.

"आला होता," ते म्हणाले. "आयाळवाला."

साबण लावून झाला होता. तट्ट्यावरून सहज पाहिलं तर समोर सिंह उभा. ड्रायव्हरने तट्ट्यापासून ठशांपर्यंत पावलं टाकून पाहिली. आठ भरली. सिंह बराच वेळ तिथे होता, एकदा जांभईसुद्धा दिली म्हणे, आणि मग पाण्याच्या दिशेने निघून गेला. मी बाबांना घट्ट धरून रडले, माफी मागितली आणि लगेच ओरडलेही. बाबा आपले हसत होते.

पिनरला परतलो तरी एक गोष्ट मला काही सोडेना. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता विचारलंच.

"बाबा, शेजारच्या तंबूत माणसं होती. एक हाक मारायचीत ना! काही झालं असतं म्हणजे?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि इतकं साधं मला कसं कळत नाही अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"अगं, हाक मारली असती तर गेला असता ना तो!"