कोनाड्यातली अंबाबाई

आम्ही ज्या आठवड्यात कोल्हापूर सोडणार होतो, त्या आठवड्यात मी अंबाबाईवर रागावले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मन मोकळं राहील. माझी शाळा सहावीत सुटली. लिहायचा सराव नाही, त्यामुळे काही मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमचे हे उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होते. ती फौंड्री बंद पडली. काही महिने इकडंतिकडं हात मारून झाले, आणि मग एका ओळखीच्या माणसाकडून राजकोटला तसलंच काम मिळालं, राहायला एक खोलीही मिळाली. जायचं तर तिघांनी, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि आत्तींना सांगितलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी जावा. मी न्हाई. मला करवीर सोडून मरायचं न्हाई."

आत्तींचा जन्म शुक्रवार पेठेतला, आणि लग्न होऊन आल्या त्या दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात जायचं, घाटी दरवाजातून आत शिरायचं, गरुड मंडपात खांबाला टेकून बसायचं, हा त्यांचा नेम. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, तो चुकला नाही. कोल्हापूर म्हणजे करवीर, दक्षिण काशी, इथं देह पडला की आई स्वतः हात धरून नेते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांच्या दृष्टीनं राजकोटला जाणं म्हणजे आईनं धरलेला हात शेवटच्या वेळेला आपणच सोडवून घेणं. ह्यांनी चार रात्री समजावलं. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईला एकटं टाकून जमायचं न्हाई. तू ऱ्हा हितं तिच्याजवळ. मी जातो एकटा."

फौंड्रीतल्या वाळूच्या धुरळ्यानं ह्यांची छाती भरलेली असायची. रात्री धाप लागली की उठून बसत, मी पाठ चोळून देई, गरम पाणी देई. परमुलखात एकट्यानं हे कसं व्हायचं? आणि माझं काय? माझं माहेर सीमेपलीकडचं, चिकोडीच्या बाजूचं. आमच्या घरी कानडी बोलत. लग्न करून आले तेव्हा मराठी तोडकंमोडकं होतं. आत्तींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "ही कावकाव माझ्या घरात न्हाई चालायची." त्या दिवसापासून मी कानडी ओठांवर येऊ दिली नाही. आत्ती वाईट नव्हत्या. पण आमच्यात जे दोन शब्द बोलले जात, ते ह्यांच्यामुळे. हे गेले की त्या घरात दोन बायका दोन कोपऱ्यांत बसणार, एवढंच मला दिसत होतं. देवळात गेले की मी हात जोडून मनातल्या मनात भांडायचे. म्हणायचे, तूच त्यांना धरून बसलीस. आमचं घर फोडून तुला काय मिळणार आहे?

मग मी एक डोकं चालवलं. मला वाटलं, ह्या बाईनं जन्मभर देऊळ आणि मंडई सोडून गाव बघितलेलंच नाही. एकदा डोळे भरून बघू दे, सगळी हौस फिटू दे, म्हणजे मन सैल होईल. फार पैसे लागणार नव्हते. कोल्हापुरात बघायला पायच जास्त लागतात. आत्तींना म्हटलं, "आम्ही जाणार ते जाणार, पण जायच्या आधी मला गाव दाखवा की. मी तर काहीच बघितलं न्हाई." त्यांना ते पटलं. त्या मला दाखवत होत्या आणि मी त्यांना, असं आमचं चाललं.

नव्या राजवाड्यात गेलो. भुसा भरलेल्या वाघापुढं उभं राहून आत्ती मोठ्यांदा म्हणाल्या, "मेलेला वाघ बगायला तिकीट घेतलं व्हय गं?" आजूबाजूची माणसं हसली. पण पुढं त्या प्रत्येक जनावरापुढं थांबल्या, बाहेर पडायला तयार होईनात. एका दुपारी सिनेमाला नेलं, सगळ्यात पुढच्या खुर्च्या. पहिल्या गाण्याला झोपल्या त्या दिवे लागल्यावर उठल्या आणि "झ्याक होता" म्हणाल्या. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायला उभ्या राहिल्या. तिथं बहुतेक पैलवान आणि बापयमाणसं. आत्तींनी पदर पुढं ओढला आणि गवळ्याला विचारलं, "दूधच हाय न्हवं? का पाणी?" तो धार काढता काढता म्हणाला, "मावशी, म्हस म्होरं उभी हाय. तिलाच इचारा की." आत्ती अशा हसल्या की ओठावर फेसाची मिशी उमटली. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

मी खूश झाले होते, आणि तिथंच माझं चुकत होतं. एकेक जागा दाखवावी तसतशा त्या कोल्हापुराला जास्तच घट्ट धरत गेल्या. रंकाळा तलावाकाठच्या नंदीपुढं तर कहरच झाला. तो नंदी रोज गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो, असं आमच्याकडे सांगतात. आत्तींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बगितलंस? ह्या मुक्या जनावरालाबी गाव सोडवत न्हाई. आणि मी सोडू?" माझंच औषध मला उलटलं होतं. तिकीट काढायचं राहिलं होतं, त्यासाठी हे त्याच संध्याकाळी स्टेशनवर जाणार होते. एक काढायचं का तीन, हे घरी गेल्यावर मी सांगणार होते. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नंदीकडून परत येताना मी मनाशी म्हटलं, आई, माझ्यानं झालं तेवढं केलं. आता तुला काय करायचं ते कर. ही काही भक्ती नव्हती. हात टेकले होते, एवढंच.

पाय दुखले म्हणून आम्ही तलावाच्या कठड्यावर बसलो. गाडीवरून दोन भेळ आणल्या. ऊन उतरत होतं, पाण्यावरून गार वारा येत होता. आमच्या शेजारी एक बाई बसली होती, आत्तींच्याच वयाची. अंगावर इरकल लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, हातभर हिरव्या बांगड्या. तिच्या बरोबरची माणसं होडीत बसायला गेली असावीत. ती आमच्या हातातल्या भेळेकडं कौतुकानं बघत होती. मग सरळ मलाच विचारलं, "एन तिन्नाकत्तीरी?"

काय खाताय, एवढंच विचारलं होतं. पण आत्तींच्या देखत माझ्या तोंडून शब्द निघेना. आत्ती म्हणाल्या, "काय म्हणती ती?" मी सांगितलं. "मग दे की आणून तिला. पावणं हाय. का बगत बसायचं तिनं?" मी तिसरी भेळ आणली आणि तिच्या हातात देताना कानडीतून म्हटलं, घ्या अव्वा, तिखट आहे हं. किती वर्षांनी ती भाषा माझ्या जिभेवर आली होती! माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

पहिल्या घासालाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्ती खूश. "कोल्हापुरात आलीया आणि तिखटाला भिती? सांग तिला." मी सांगितलं. बाईनं नाक पुसलं आणि उत्तर दिलं ते मी मराठीत केलं, "आमची मिरची पोटात गेल्यावर बोलते. तुमची तोंडात पडायच्या आधीच भांडते." आत्ती मांडीवर थाप मारून हसल्या. मग दोघींचं माझ्या तोंडून चांगलंच जमलं. भाकरी, म्हशी, गुडघे, सुना. सुनांबद्दल दोघींचं मत एकच होतं आणि तेही मलाच सांगावं लागलं.

आत्तींनी विचारलं, दरवर्षी येतेस का दर्शनाला? बाई म्हणाली, जन्मात पहिल्यांदाच आले. अंबाबाई त्यांचं कुळदैवत. पण शेत, जनावरं, पोरं, अंथरुणाला खिळलेला नवरा, कधी निघणंच झालं नाही. घरात चुलीशेजारच्या कोनाड्यात आईची तसबीर आहे, तिच्यापुढं रोज दिवा लावते. ह्यावर आत्ती थोड्या ताठ झाल्या. म्हणाल्या, "फोटूपुढं दिवा लावणं येगळं, आणि हितं तिच्या पायाशी येऊन बसणं येगळं." मला लाज वाटली, पण होतं तसं सांगितलं.

बाईला राग आला नाही. तिनं भेळेचा कागद मांडीवर ठेवला. मग हळूहळू बोलली. ती म्हणाली, "मला हीच भीती होती. गाडीत बसल्यापासून मनात एकच. घरच्या आईशी मी इतकी वर्षं बोलले. तिच्यापुढं रडले, तिला शिव्या घातल्या, नवऱ्याच्या दुखण्यात तिच्याशी अबोला धरला. आणि इथली म्हणजे सोन्यानाण्यातली, राजाची. हिनं मला ओळखलंच नाही तर? सकाळपासून रांगेत तेच घोकत होते. पुढं गेले, पापणी लवायच्या आत मागच्यांनी ढकललं. पण तेवढ्यात बघितलं. तीच होती. आमच्या कोनाड्यातली. मला वाटलं आता म्हणेल, एवढ्या लांब पाय कशाला दुखवलेस गं, रोज भेटतोच की आपण."

"काय म्हणती?" आत्तींनी विचारलं. "एवढा येळ काय सांगितलं तिनं?"

आता मला सांगायचं आहे ते ह्या क्षणाबद्दल. त्या बाईला आमच्या जाण्याचं काही माहीत नव्हतं. मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, आत्तींनीही नाही. आणि आत्तींना कानडी कळत नव्हती. मधे फक्त मी होते. मला वाटलं असतं तर त्या बाईच्या तोंडी मी काहीही घालू शकले असते. "ती म्हणते, लेकाबरोबर जा, आई तिथंही येईल." एवढं वाढवलं असतं तर कुणाला कळणार होतं? ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आठवडाभर त्याच एका वाक्यासाठी मी पाय तोडत हिंडले होते. पण तोंड उघडलं आणि आईचं नाव घेऊन खोटं बोलायची छाती झाली नाही. बाई बोलली तेवढंच, तशाच क्रमानं, मी मराठीत सांगितलं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले. मनात म्हटलं, ही तुझी गोष्ट, तूच बघ.

आत्तींनी विचारलं, "शिव्या घातल्या म्हणली?" मी म्हटलं, "हो." "आणि तरीबी तीच म्हणली?" मी पुन्हा हो म्हटलं. एवढ्यात तिची माणसं हाका मारत आली. बाई गडबडीनं उठली. आत्तींचे दोन्ही हात हातात घेऊन तिनं दाबले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्या गाडीकडं गेली. नाव-गाव काही विचारायचं राहून गेलं.

आम्ही चालत घरी निघालो. तटाकडील तालीम गेली, पुढची गल्ली आली. आत्ती आपल्या दाराशी येऊन थांबल्या आणि नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाल्या, "त्या गुजरातेत मिरच्या मिळत्यात का गं? का समद्यात गूळच घालत्यात?"

माझे डोळे भरून आले. "मिळत असतील की, आत्ती."

"मिळतील तवा मिळतील. आपण हितनंच चटणी करून न्यायची. उद्या सकाळी बाजाराला चल. आणि त्याला सांग, तिकीट खिडकीशेजारचं काढ म्हणावं. मला बगायचं हाय सगळं."

हे दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तीन बोटं दाखवली.

राजकोटच्या खोलीत आत्तींनी चुलीशेजारी तसबीर लावली. सुरुवातीला त्यांना करमलं नाही, खोटं कशाला सांगू. पहिल्या नवरात्रात फार रडल्या. पण दिवा कधी चुकला नाही, आणि हळूहळू तसबिरीशी त्यांचं बोलणं सुरू झालं. पुष्कळदा भांडणच असायचं. काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा हे म्हणाले, "आई, गाडी करतो. कोल्हापूरला नेतो तुला." ह्यांना त्यांचा जुना शब्द ठाऊक होता. मीही जवळ बसले होते, आणि मला आतून भीती वाटत होती की आता त्या आम्हाला बोल लावतील. आत्तींनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यातला ठसका तोच. म्हणाल्या, "कशाला? रस्त्यात हाल. ती हाय की हितं."

त्या शांतपणे गेल्या.

ती इरकल नेसलेली बाई कोण होती, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी कोण म्हणून सांगू? भेळ खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढं मी पाहिलंय. माझ्या डोक्यातून निघालेलं सगळं त्या आठवड्यात वाया गेलं, आणि माझ्या हातात नव्हतं ते एका संध्याकाळी कठड्यावर बसल्या बसल्या झालं. ज्या भाषेला घरात दार बंद होतं, तिच्यातूनच आई बोलली. त्यात माझं काही नव्हतं. मी फक्त मधे ढवळाढवळ केली नाही, आणि तेवढंही तिनंच करवून घेतलं.

अजूनही मला काळजी लागते, स्वभावच तसा आहे. ह्यांची धाप वाढली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा मी उठून तसबिरीपुढं बसते. हे व्हावं, ते व्हावं असं आता म्हणत नाही. दिवसभरात जसं झालं तसं तिला सांगते, कधी मराठीत, कधी कानडीत. सांगून झालं की जीव हलका होतो, आणि पुढचं तिच्यावर सोपवून मी उठते.