एकतीस वर्षांनी आलेला प्रश्न

दादाराव वानखडे सरांनी अमरावतीच्या कॉलेजात एकतीस वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. बायको गेल्यावर मुलगा अमेय त्यांना परदेशात, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला घेऊन आला. अमेय आणि सूनबाई सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जायचे. नातीला मराठी कळायचं, पण ती इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत निघून जायची. सरांना बोलायला कुणी उरलं नाही.

म्हणून लायब्ररीने व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा त्यांनी स्वतः कोटाला इस्त्री केली. ऐकायला चौघंच आले. तरी सर रंगून बोलले. १८०३ साली फ्रान्सने लुईझियानाचा मुलूख विकला आणि नवखं अमेरिकन प्रजासत्ताक एका करारात जवळजवळ दुप्पट झालं.

शेवटी नायरी नावाच्या, या देशातल्या मूळच्या माओरी समाजातल्या वयस्क बाईंनी विचारलं, "तिथे आधीपासून राहणाऱ्यांची नावं काय होती?"

सर गडबडले. नोट्समध्ये त्यांनी दरवर्षी 'स्थानिक जमाती' एवढंच लिहून दिलं होतं. "मला नीट सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलं नाही, आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही."

"मग शोधा. मी दर गुरुवारी इथे असते."

आठवडाभर सर वाचत बसले. घरी सांगायला गेले, तर अमेय म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे, नंतर."

गुरुवारी बाई आल्याच नाहीत. आजारी होत्या म्हणे. सर खिडकीशी बसले, वही उघडली आणि ओसेज, क्वापॉ, पॉनी, मंडान अशी नावं हळू आवाजात, चुकत चुकत म्हणू लागले.