शेजाऱ्याचं मत

बासष्टच्या लोकसभेआधीची गोष्ट. अमरावतीहून अचलपूरच्या एसटीत मी पुढं बसलो होतो, माझा घरशेजारी मागच्या बाकावर. वाटेत चढलेला एक माणूस माझ्याजवळ टेकला. अंगात परीटघडीचा सदरा, हातात अडकित्ता. कोणत्या पक्षाला किती जागा मिळतील याचा अंदाज काढत फिरतो, म्हणाला. मला तो हेरच वाटला. त्यानं कातरलेली सुपारी मी घेतली नाही.

"तुमी कोणाले मत देता ते मी इचारतच नाही, भाऊ," तो म्हणाला. "सोताच्या मताबद्दल माणूस खोटं बोलते. तुमचा शेजारी कोणाले देते, तेवढं सांगा."

यात आपलं काय जातं, असं वाटून मी हळूच सांगून टाकलं. वर शेजाऱ्याच्या साडूचं राजकारणही सांगितलं. सुपारीही खाल्ली.

मग तो उठून मागच्या बाकावर गेला. अडकित्ता पुन्हा वाजला. माझा शेजारी त्याच्या कानाशी लागला तो थेट परतवाड्यापर्यंत.

आम्ही दोघं सोबतच उतरलो, सोबतच घरी आलो. निवडून कोण आलं ते मी विसरलो. पण आमच्या दोन अंगणांमधल्या दाराला तेव्हापासून दोन्ही बाजूंनी कडी असते.