नवऱ्याच्या नावाशी अडलेला प्रोग्रॅम

माझी शाळा चौथीपर्यंत. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, आणि कळतं असं मी सांगतही नाही. पण नव्वद सालानंतर माझी धाकटी जळगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची आणि तिचे वडील तिचं लग्न उरकायच्या मागे होते. क्लासचे सर तिला म्हणाले, "आमच्या समाजाच्या महिला मेळाव्यात प्रत्येकीचा परिचय छापून दे. जमलं तर इथंच शिकवायला ये." नोकरी लागली तर लग्न लांबणार होतं. पोरीला तेच हवं होतं, मलाही.

तिनं प्रोग्रॅम लिहिला. डावीकडे 'गाव', उजवीकडे 'धरणगाव'. डावीकडे 'माहेर', उजवीकडे 'भडगाव'. अशा जोड्या भरल्या की मशीन त्या एकापुढे एक ओवून सरळ वाक्य करायचं: धरणगावच्या अमुक, माहेर भडगाव, तमुक यांच्या पत्नी. क्लासात मला शेजारी बसवून माझ्यावर करून पाहिला, छान आला. वडिलांचं नाव तिनं मला न विचारताच टाकलं होतं, म्हणून कुठं अडलं नाही.

मेळावा धरणगावला. मशीन गोधडीत गुंडाळून टेम्पोनं नेलं. पहिल्या बाईनं गाव, माहेर, मुलं सगळं भराभर सांगितलं आणि नवऱ्याशी येऊन तोंडाला पदर लावला.

"बठ्ठं सांगसू माय, पन त्यासनं नाव काय इचारस?"

"अक्का, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

"मंग लिख, पोऱ्यासना बाप."

पोरांचा बाप! पोरीनं तेच लिहिलं. पुढच्या बायकांनीही तेच सांगितलं. कागद बाहेर आला तर सगळ्याजणी एकाच 'पोऱ्यासना बाप यांच्या पत्नी'!

सर हादरले. "हे वाटलं तर मार खाऊ आपण. राहू दे, बंद कर."

पोरगी रडायच्या बेतात. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी खेकसली, "अवं, आशी कोरडी इचारस का? उखाना लेवाले लाव!"

मग काय! उखाणा घ्यायचा म्हटल्यावर मघाशी लाजणाऱ्या आता एकमेकींना ढकलून पुढं यायला लागल्या. एकीनं केळीच्या घडापासून कापसाच्या बोंडापर्यंत फिरवून आणलं, तेव्हा कुठं नवरा निघाला. पोरगी शेवटपर्यंत कान देऊन ऐकायची, तेवढं नाव उचलायची आणि जोडीत टाकायची. अख्खा दिवस गेला, पण कागदावर प्रत्येकीला आपापला नवरा मिळाला.

"सोमवारपासून ये," सर म्हणाले.

स्थळवाल्यांना मीच निरोप धाडला, मुलगी नोकरीला लागली, तुम्ही दुसरीकडे बघा. तिचे वडील माझ्याशी बोलेनात. जेवायला मात्र वेळेवर यायचे.