पाइप लावून कसलेला बोल्ट

आष्टीच्या एका शाळेत क्लार्क असलेला योगेंद्र थूल हा भित्रा माणूस. यात चहाडी कसली, गावालाच ठाऊक आहे. गॅस बंद केला की नाही हे पाहायला तो अर्ध्या बाजारातून परत येतो. लोक ताकही फुंकून पितात. हा ताक कोणी घुसळलं ते आधी विचारतो. आणि अशा माणसाला बायको मिळाली भावना, टेकडीपलीकडच्या उपकेंद्रातली नर्स. रस्ता वाहून गेला तरी कामावर जाणारी. तिकडे साधी गाडी चढत नाही, म्हणून तिनं एक जुनी पांढरी जीप घेतली, चारही चाकांना जोर असलेली. चालवायची तिनं, दुरुस्ती करायची यानं. मिस्त्रीवर याचा काडीचा भरवसा नाही. "मिस्त्रीची बायको थोडी बसून राह्यली यात," असं म्हणायचा.

यंदा दिवाळीनंतर जीप ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली. खड्ड्यात गेली की पुढून ठक्क वाजायची. योगेंद्रनं खाली घुसून बॅटरी मारली. पुढच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जिथं बोल्टनं गाडीच्या चौकटीला अडकवलेले असतात, तिथल्या धक्का सोसणाऱ्या रबरी बुशांचा पार भुगा झाला होता. लोखंडावर लोखंड आपटत होतं. याच गाडीत बसून बायको रोज टेकडी उतरते.

रविवारी त्यानं अंगणात काम काढलं. जॅकवर गाडी उचलली, चौकटीखाली लाकडी ठोकळे ठेवले, ते हलवून पाहिले, पुन्हा हलवून पाहिले. मगच खाली सरकला. जुने बुश निघता निघेनात. हातोडा हाणून हाणून खांदा गेला. नवे मात्र साबणाचं पाणी लावल्यावर गुपचूप आत बसले. मग राहिलं बोल्ट कसणं, आणि तिथंच या माणसाच्या भेवानं घात केला.

पान्यानं कसला तेवढा बोल्ट पुरेसा होता. पण योगेंद्रला कुठं पुरतं! बोल्ट ढिला राहिला, उतारावर निघाला, पाटा सुटला, चाक एकीकडे अन् गाडी एकीकडे, हे सगळं त्याला पडल्या पडल्या दिसत होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. त्यानं पडवीतला पाइपचा तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवला आणि सगळं अंग टाकून एकेक बोल्ट आवळला. डावीकडचा शेवटचा आवळताना एकाएकी जोर लागेनासा झाला. पाइप मऊ मऊ सरकला, भिजवलेल्या कणकेत मूठ जावी तसा. योगेंद्र क्षणभर थबकला. मग "बसला आता चांगला," असं स्वतःलाच सांगून बाहेर आला.

सोमवारी भावना निघाली. तो फाटकापाशी उभा होता.

"सावकाश जाजो," तो म्हणाला.

"तुमच्या सावकाशनं गेली तर पेशंटचं पोरगं शाळेत जाईन तोवर," ती हसून म्हणाली आणि गेली.

दुपारी शाळेतला एक नळ गळताना दिसला. गळता नळ दिसला आणि योगेंद्रनं पिळला नाही असं होत नाही. पिळला, आणखी पिळला, आणि एकाएकी तो मऊ झाला. पुढच्या क्षणी नळाची चावी तुटून त्याच्या हातात आली आणि पाणी थेट तोंडावर उडालं. मुलं हसली. योगेंद्र मात्र चावीकडे पाहत तसाच भिजत राहिला. कालचा मऊपणा हाच होता. बोल्ट बसला नव्हता, आतून ताणून तुटायला आला होता.

त्यानं फोन लावला. टेकडीपलीकडे रेंज कुठची? मन चिंती ते वैरी न चिंती. घरी जाऊन त्यानं बुशांसोबत आणलेला एक जादा बोल्ट आणि पाने पिशवीत टाकले आणि स्कूटी टेकडीवर घातली, चढली नाही तिथं उतरून ढकलली. प्रत्येक वळणावर तो खाली दरीत पाहायचा, आणि पाहायचीही भीती वाटायची. झाडीत काही पांढरं दिसलं की स्कूटी थांबवून निरखायचा. एकदा तर ती नुसती खताची पोती होती.

जीप उपकेंद्रासमोर उभी होती. त्याला रडू आलं. एवढ्यात भावना एका बाईला धरून बाहेर आली. पहिलटकरीण, आचल तिचं नाव. मूल आडवं होतं, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली.

"तुमी काऊन आले? सरका, हिले आष्टीले न्या लागते," भावना म्हणाली.

"गाडीले हात नको लावजो," योगेंद्र म्हणाला. "माह्या हातून चूक झाली. दोन मिनिटं दे."

तो तसाच मातीत आडवा झाला. डाव्या नटाला नुसतं बोट लावलं, तर नटासकट बोल्टाचं टोक हातात आलं. उरलेला दांडा भोकातून अर्धा बाहेर सरकला होता. आणखी एखाद्या उताराचं काम होतं. वर आचल कण्हत होती. योगेंद्रनं जीपमधला जॅक लावला, दांडा ठोकून काढला, नवा बोल्ट घातला आणि पान्यानं कसला, पाइप न लावता, नुसत्या हाताच्या जोरानं. पाना तीनदा सुटून पडला.

तो उठला तेव्हा भावना त्या तुटक्या टोकाकडे पाहत होती.

"सकाळी मी याच्यावर आली?"

"हो."

"तुमी कसला होता नं हा?"

"मीच कसला. जास्त कसला."

तिनं आचलला मागं निजवलं, योगेंद्रला तिच्याजवळ बसवलं आणि चावी फिरवली. टेकडी उतरताना एकेका खड्ड्याला योगेंद्र पुढून ठक्क वाजतं का ते ऐकत होता. पण त्याहून वाईट त्याला समोरच्या आरशात दिसत होतं. भावनाचे ओठ कोरडे पडले होते आणि जिथं ती गाणं म्हणत गाडी सोडायची, तिथं ती पहिल्या गिअरमध्ये, श्वास धरून उतरत होती.

आचल वेळेत पोचली. सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. गावानं भावनाला शाबासकी दिली.

जीप अजून तीच आहे आणि दुरुस्ती अजून योगेंद्रच करतो. भावनानं त्याला त्या बोल्टावरून एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त आता सकाळी निघताना ती पदर खोचून खाली वाकते आणि डावीकडचा नट स्वतः हलवून पाहते. योगेंद्र फाटकापाशी उभा असतो. त्याला ती काही विचारत नाही.